निकाली नाना

नाना आधी मारायचे आणि मग का मारलं ते सांगायचे. कधी कधी सांगायचं विसरूनही जायचे. आमच्या धुळ्याच्या गल्लीत असा एक पुरुष नव्हता की ज्याच्या गालाची नानांच्या पंजाशी ओळख नव्हती. दूधवाल्यानं मार खाल्ला होता, मीटर बघायला आलेल्या वायरमननं खाल्ला होता, आणि मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून कुरकुर केली म्हणून खुद्द होणाऱ्या व्याह्यानंही खाल्ला होता. लग्न तरीही झालं आणि सुखाचं झालं. नानांचा मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं त्यांच्या गिरणीच्या ओट्यावर येऊन बसायचा. मीही बसायचो. आता इतक्या वर्षांनी लोक विचारतात, असल्या माणसापाशी तुम्ही बसायचात तरी कशाला? त्यांना काय सांगणार? ज्यांनी असा माणूस पाहिला आहे, त्यांना सांगायची गरज नाही.

मी जामनेरचा. एसटीत कारकून म्हणून धुळ्याला बदली झाली आणि नानांच्या गिरणीवरची खोली भाड्यानं मिळाली. गिरणी म्हणजे एका बाजूला पिठाची चक्की आणि दुसऱ्या बाजूला मिरच्या कांडायचा डंका. लोखंडी मुसळं वर जायची आणि उखळात धाडकन आदळायची, त्याबरोबर माझी खाट, माझा स्टोव्ह आणि माझे दात हलायचे. हंगामात खालून मिरचीचा असा ठसका यायचा की मी महिनाभर रडवेल्या डोळ्यांनीच ऑफिसात जात असे. नाना मात्र त्या लाल धुरळ्यात उघड्या अंगानं उभे असायचे. मान नाहीच, खांद्यांवर थेट डोकं. कुस्तीत चिरडून चिरडून कान कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ये जामनेर, खाले उतर!" अशी आरोळी यायची आणि मी हातातला घास टाकून उतरायचो.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात मावायचं. निकाल. जे काही असेल ते निकाली झालं पाहिजे. दोन बायका नंबरावरून भांडत असल्या तर नाना चक्की बंद करून त्यांना मनसोक्त भांडू द्यायचे आणि म्हणायचे, "आते भांडी ल्या पुरं. निकाल लागना का मंग चालू करसू." कोर्टातल्या तडजोडीचं कुणी बोललं तर ते थुंकायचे. गल्लीतल्या एका भावाभावांच्या तंट्यात पंच बसले आणि निम्मं-निम्मं करून मोकळे झाले, तर नानांनी दोन्ही भावांना बदडलं. निम्म्याला कबूल झाले म्हणून! "बरोबरी म्हंजे काय रे भो? दोन्हीसनी हार!" हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही ते मला त्यांच्याच घशातून ऐकू येतं.

या निकालाच्या वेडाचं मूळ समोरच्या सायकल दुकानात बसलेलं असायचं. त्यांना सगळे आबा म्हणत. उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. तरुणपणी शिरपूरकडच्या एका गावच्या जत्रेत नानांची आणि आबांची कुस्ती लागली होती. दुपारी हातात हात दिला तो दिवस मावळायला आला तरी कुणाची पाठ मातीला लागेना. शेवटी पंचांनी दोघांना ओढून वेगळं केलं, दोघांचे हात वर केले आणि बरोबरी पुकारली. दोघांना फेटे बांधले. नानांनी फेटा उपटून मातीत फेकला आणि पंचाच्या मुस्काटात ठेवून दिली. मग काय विचारता! दोन गावांची माणसं एकमेकांवर तुटून पडली. बैलगाड्यांच्या लाकडी खुंट्या उपसून डोकी फोडली गेली. त्या मारामारीत आबांचा उजवा कान फाटला आणि नानांचे पुढचे दोन दात जत्रेतच राहिले. पण कुस्तीचा निकाल काही लागला नाही.

पुढं पोटासाठी दोघंही धुळ्याला आले आणि, गाव एवढं मोठं असताना, एकाच गल्लीत समोरासमोर दुकानं घालून बसले. यात योगायोग नव्हता. ज्याला पाडायचं राहून गेलं आहे त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढाच हिशेब. त्यांची झटापट वर्षातून दोन-चारदा ठरलेली असे. बोहारणीवरून, गटारीच्या पाण्यावरून, काहीही निमित्त पुरायचं. दोघं भिडायचे, रक्त निघायचं, आणि पाठ टेकायच्या आत गल्लीतली माणसं त्यांना सोडवायची. नाना सोडवणाऱ्यांना मारायचे. मरायच्या आधी आबांना चीत करायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी बाळगली होती आणि ती ते देवासमोर मोठ्यानं बोलून दाखवत.

क्रिकेटचं वेडही दोघांना, आणि तेही टेस्टचं. वन-डेला निकाल हमखास लागतो, म्हणून ती नानांना आवडेल असं मला वाटलं होतं. त्यांनी नाक मुरडलं. "ती काय कुस्ती शे? ती ते झोंबाझोंबी शे." पाच दिवस माती खाऊन जो निकाल लागतो तोच खरा. गल्लीत एका घरी टीव्ही आला होता, पण नाना तिकडे फिरकत नसत. डोळ्यांनी दिसल्यावर भांडायला उरतं काय, असं त्यांचं म्हणणं. गिरणीत रेडिओ होता. महत्त्वाचं षटक आलं की नाना डंका थांबवत आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका त्यांना शिव्या घालत. हिंदी कॉमेंट्री संपून इंग्रजी सुरू झाली की माझी पाळी. मी ऐकून मराठीत सांगायचो. आपला चौकार गेला की नाना आनंदानं माझ्या पाठीत धपाटा घालायचे. आपली विकेट गेली की रागानं घालायचे. पाठीला फरक कळत नसे. आबा रस्ता ओलांडून यायचे, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचे आणि नाना जे म्हणतील त्याच्या बरोब्बर उलट म्हणायचे.

टेस्ट ड्रॉ झाली की त्या संध्याकाळी ओट्याजवळून कुत्रंही जात नसे. एकदा पावसानं धुऊन गेलेल्या सामन्याचा राग नानांनी रेडिओवर काढला. त्यांनी तो उचलला, चालू डंक्याच्या उखळात टाकला आणि मुसळांनी त्याची पूड होईपर्यंत बघत राहिले. त्याच्यामागून ज्यांच्या मिरच्या कांडल्या गेल्या त्यांच्या तिखटात म्हणे आठवडाभर तारा निघत होत्या. दुसऱ्या दिवशी नवा रेडिओ आला तो आबांनी आणला. कशाला आणला, असं कुणी विचारलं तर म्हणाले, "त्याले माराले काही तरी लागस ना."

मला सांगायची आहे ती टेस्ट थंडीतली. पाहुणा संघ तगडा होता. त्यांच्या एका बॉलरला आम्ही ओट्यावर 'कुऱ्हाड' म्हणायचो. आदल्या दिवशी त्यानं आपल्या एका फलंदाजाच्या डाव्या हाताचं हाड मोडलं होतं. शेवटच्या दिवशी आपल्याला जिंकायला जेवढ्या धावा हव्या होत्या तेवढ्या चहापानापर्यंत आवाक्यात वाटत होत्या. नाना खुशीत होते. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कुणालाही मारलं नाही. चहानंतर लागोपाठ विकेटी पडल्या आणि आपल्या कप्तानानं दार लावून घेतलं. नुसतं अडवणं, नुसतं सोडून देणं. नानांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "हारा रे, पण पडीसन तरी दखाडा!" हरायचं तर पडून हरा, असं ते रेडिओला सांगत होते. नववी विकेट पडली तेव्हा अजून बराच खेळ बाकी होता. आणि मग तो हात मोडलेला माणूस प्लास्टर घालून मैदानात आला.

इंग्रजी कॉमेंट्री चालू होती. मी सांगत होतो, तो एकाच हातानं बॅट धरतोय. कुऱ्हाडीचा चेंडू छातीवर बसला. गडी खाली बसला. उठला. पुन्हा बरगडीत बसला. पुन्हा उठला. डंका बंद, चक्की बंद, डबेवाल्या बायकाही गप्प. आबा अंगावर शाल लपेटून ओट्याच्या कडेला बसले होते. त्या थंडीत ते शाल सोडतच नव्हते, आणि दुकानातली पंक्चरंही मुलगा दिलीपच काढायचा. वयाला धरून आहे, असं आम्हाला वाटायचं. तो फलंदाज प्रत्येक चेंडूनंतर उभा राहिला की आबांच्या तोंडून एक हुंकार निघायचा. शेवटचा चेंडू त्यानं पायाशी मारला, चेंडू तिथंच मेला, आणि सामना अनिर्णित राहिला.

ओटा पेटला. निम्मे म्हणाले, ही हारच आहे, कप्तान भित्रा आहे, त्याला गाढवावर बसवा. निम्मे म्हणाले, असला ड्रॉ दहा विजयांवरून ओवाळून टाकावा. कुणीतरी कुणाची कॉलर धरली, कुणाचा चष्मा फुटला, एकानं वजनाच्या काट्याची साखळी उपसून गरगर फिरवली. शिव्यांचा नुसता पाऊस. आणि एरवी चार शब्द बोलायचे ते आबा उठून उभे राहिले आणि ओरडायला लागले.

"एक हातवर उभा ऱ्हायना तो! पडना का? नही पडना!"

नाना त्यांच्या अंगावर धावून गेले. "एक हातना माणूस मैदानमा उना कसाले? घर बशी ऱ्हावानं!"

एक हाताचा माणूस मैदानात आलाच कशाला, त्यानं घरी बसावं. एवढंच नाना म्हणाले. आबांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी उजव्या मुठीनं नानांच्या तोंडावर असा ठोसा हाणला की ओठ फाटून रक्त छातीवर आलं. मी धुळ्यात पाहिलेली ती सगळ्यात भयंकर मारामारी. नानांनी कंबरेला मिठी घालून आबांना खांबावर आदळलं. आबांनी डोकं नानांच्या नाकावर हाणलं. दोघं ओट्यावरून गडगडत मिरच्यांच्या पोत्यांवर गेले, पोतं फुटलं आणि तिखटाचा लाल ढग उठला. सोडवायला गेलेले ठसकत, आंधळे होत माघारी फिरले. कोण कुणाला मारतंय ते दिसेना, नुसते दणके ऐकू येत होते. नानांनी दात लावले, आबांनी कोपर बरगडीत घातलं. मग ते दोघं ढगातून बाहेर समोरच्या मातीत आले. डोळ्यांतून पाणी, नाकातून रक्त, अंगभर तिखट. नानांनी एक पट काढला आणि आबा उताणे पडले. पाठ, दोन्ही खांदे, सगळं मातीला लागलं. नाना छातीवर.

गल्ली ओरडली, "चीत! निकाल लागला! नाना जिंकले!" माणसं नाचायला लागली. अख्ख्या जन्माची कुस्ती डोळ्यांदेखत निकाली झाली होती.

नानांनी शेवटचा ठोसा द्यायला मूठ उगारली आणि दुसऱ्या हातानं आबांचा डावा हात दाबून धरायला गेले. तिथं दाबण्यासारखं काही नव्हतं. शाल निघून पडली होती आणि हात पिळून टाकलेल्या फडक्यासारखा मातीत पडला होता. बोटं वळत नव्हती.

"डावा हात कोठे शे तुन्हा?" नानांनी विचारलं.

"तो कव्हयना गया, नान्या," आबा म्हणाले. दिवाळीनंतर लकव्यानं तो हात गेला होता आणि घरच्यांना शपथ घालून त्यांनी ते लपवून ठेवलं होतं. नाना आपल्याला अधू समजून सोडून देतील, ही त्यांना भीती. नुसता उजवा हात घेऊन ते इतका वेळ लढले होते.

नाना छातीवरून उतरले. आबांना बगलेत धरून त्यांनी उभं केलं, पाठीची माती आपल्या हातानं झाडली, धोतराच्या सोग्यानं पुन्हा पुसली. मग आबांचा तो मेलेला हात त्यांनी आपल्या हातात घेऊन वर उचलला आणि दुसरा स्वतःचा वर केला.

"बरोबरी!" ते गरजले.

कुणाला काही कळेना. मी जवळच उभा होतो. मला खरंच वाटलं की त्यांच्या डोळ्यांत तिखट गेल्यामुळे त्यांना दिसलं नसावं. मी म्हणालो, "नाना, बरोबरी कशी? आबा तर चीत..." पुढचा शब्द तोंडातच राहिला. ती थप्पड माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. मी मिरच्यांत जाऊन पडलो आणि उजवीकडची दाढ हलायला लागली. "कोनी दखं? कोनी दखं चीत? पुढे ये!" नाना गर्दीत घुसले आणि ज्याच्या तोंडावर 'चीत' दिसलं त्याला तुडवत सुटले. आयुष्यभर बरोबरी म्हणणाऱ्यांना मारलेला माणूस त्या संध्याकाळी बरोबरी न म्हणणाऱ्यांना मारत होता. रडतही होता. तिखटानं सगळेच रडत होते, म्हणून त्याची कुणी वाच्यता केली नाही.

पण आबा काही त्यांना सुखानं जगू देईनात. ते पडले खरे बोलणारे. दुसऱ्या दिवसापासून ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "मी पडनू. मन्ही पाठले माती लागनी. बठ्ठासनी दखं." सगळ्यांनी पाहिलंय, असं ते म्हणाले की नाना डंका सोडून बाहेर यायचे. "खोटं बोलस! बरोबरी शे!" दोघांनी जागा बदलल्या आणि भांडण तसंच चालू राहिलं. आता नाना आबांवर हात टाकत नव्हते. त्यांच्या वाटचा मार आम्ही आजूबाजूचे खात होतो. एकदा आबांनी चहा पिता पिता हसून मला विचारलं, "जामनेर, तू सांग, मी पडनू का नही?" नाना दारात होते. मी नोकरीला स्मरून सांगितलं की मी त्या दिवशी गावातच नव्हतो.

पुढच्या थंडीत लकव्याचा दुसरा झटका आला आणि आबा गेले. सकाळची वेळ. अंगणात माणसं जमली होती. आंघोळ घालून झाली होती, आणि तालमीतल्या कुणीतरी हौदातली माती आणून आबांच्या कपाळाला, छातीला लावली होती. पैलवानाचा मान म्हणून. तिरडी बांधून होईस्तोवर जमिनीवर ठेवायचं म्हणून चौघांनी देह उचलला आणि उताणा टेकवणार, तेवढ्यात नाना गल्लीतून धावत आले. डंक्यावरून तसेच, तिखटानं माखलेले.

"थांबा रे! त्यानी पाठले माती नका लागू देऊ!"

पहिल्याला त्यांनी छातीत लाथ घातली. दुसऱ्याच्या कानाखाली वाजवली. बायकांचं रडणं थांबलं. मग नाना स्वतः मातीत बसले, पाय पसरले, आणि आबांना मागून दोन्ही हातांची मिठी घालून त्यांनी आपल्या छातीला टेकवून धरलं. आबांचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. तिरडी बांधून होईपर्यंत ते तसेच बसून होते आणि जवळ येणाऱ्यावर गुरकावत होते. पुढं पांझरेच्या काठी चिता रचली तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी लाकडं हातानं चाचपली. म्हणाले, "लाकडं चालतीन."

अग्नी दिल्यावर माणसं पांगायला लागली. दिलीप नानांजवळ आला. सकाळपासून त्या पोराच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. दगडासारखा सगळं करत होता. तो म्हणाला, "नाना, आबा सांगून गेलेत. त्या दिवशी तुम्हीच जिंकलात. निकाल लागला, असं नानाला सांग म्हणाले."

नानांनी त्याला सणसणीत थप्पड ठेवून दिली. दिलीप दोन पावलं मागं गेला, गालाला हात लावला आणि मग जो हंबरडा फोडला तो नदीच्या पलीकडे ऐकू गेला असेल. नानांनी त्याला ओढून छातीशी धरलं. "बरोबरी," एवढंच ते म्हणत होते. "बरोबरी शे, बेटा."

दोन-तीन वर्षांनी माझी जळगावला बदली झाली. नाना गेले ते मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा सायकलच्या दुकानात दिलीप होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "काळजी करू नका. नानांच्या पाठीखाली आबांची शाल अंथरली होती." मग आम्ही दोघं गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसलो. डंका बंद होता. मला कुणीतरी पाठीत एक जोरदार धपाटा घालावा असं वाटत होतं, आणि घालणारं कुणी नव्हतं.

अजूनही कुठं एखादी टेस्ट शेवटच्या चेंडूपर्यंत लढून ड्रॉ झाली, की माझी जीभ आपसूक उजवीकडच्या त्या दाढेकडे जाते. डॉक्टर म्हणतात, काढून टाका, तिच्यात काही अर्थ नाही. मी काढत नाही. इतकी वर्षं हलते आहे, पण पडलेली नाही.